हा आकडा कुठनं आला, एवढंच विचार

लेका,

रविवारी तू गेल्यावर घरात मला बोलणी बसली. पोराला चहा तरी धड पिऊ द्यायचा होतात म्हणे. तुझा कप खरंच तसाच राहिला होता, वर साय धरलेली. समोर बसून बोलायला लागलो की मी तापतो, लिहिताना जरा ताळ्यावर असतो, म्हणून लिहितोय. आणि जाताना जिन्यात तू जे विचारलंस, "सर, सहा वर्षं वाया गेली का, एवढंच सांगा", त्याला मी काहीतरी हूं म्हणून दार लावलं. ते बरोबर केलं नाही.

पण आधी तुझ्या सीव्हीबद्दल, कारण डोकं तिथनं फिरलं. चार पानं, त्यातली अडीच पेपर आणि कॉन्फरन्सची. ते एक वेळ समजू शकतो, सगळ्यांचेच तसे असतात, एका पानावर आणता येतं. पण नावामागचं डॉ. काढलेलं? कशाला, तर पुण्यातला कोण मित्र म्हणाला की पीएचडी दिसली की हा वयानं मोठा, पगार जास्त मागणार, हाताखाली काम करणार नाही असं धरतात. बरं, मग ती सहा वर्षं कुठं दाखवणार? येरवड्यात होतो म्हणून सांगणार का? तीन हंगाम तू हळदीच्या शेतात काढलेस, ऐन पावसाळ्यात चिखलात उतरून कुजलेले गड्डे वेगळे आणि बरे गड्डे वेगळे मोजलेस, कुठल्या वाफ्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजीवरची ती उपयोगी बुरशी, टाकलं आणि कुठल्यात नाही याची वही ठेवलीस. ती वही हीच तर तुझी डिग्री. बाकीचं बाइंडिंग.

मग मी तुला ती केस दिली. सांगलीत रोज भडंग किती खपतं, सांग. पुढच्या आठवड्यातल्या तुझ्या कन्सल्टिंगच्या इंटरव्ह्यूत असलंच काहीतरी विचारतात, ट्रक किती, टायर किती, दूध किती. तू वीस मिनिटं गप्प. घड्याळाकडं बघत होतो मी. आणि मग म्हणालास, सर, यावर काही डेटा पब्लिश झालाय का. हसू का रडू कळेना, कारण पुण्याच्या पहिल्या नोकरीत मीपण अक्षरशः हेच विचारलं होतं, विषय वेगळा होता एवढंच.

आता इथं शांतपणे बघ. सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाख. घरात चार माणसं धर, सव्वा लाख घरं झाली. निम्म्या घरांत आठवड्याला पाव किलो भडंग येतं असं धर. म्हणजे आठवड्याला साडेपंधरा टन, रोजचे सव्वादोन टन. पाहुण्यांबरोबर पिशवीतनं पुण्या-मुंबईला जाणारं वेगळं. चार मिनिटांत झालं. इथपर्यंत कुणीही येतं, एमबीएची पोरं तर तीनच मिनिटांत येतात आणि सव्वादोन टन म्हणून फळ्यावर चौकट मारून मोकळी होतात.

तुझं काम तिथनं पुढं सुरू होतं. पाच लाख हा आकडा जुना आहे, पण मोजलेला आहे, दारोदार जाऊन. घरात चार माणसं हा माझ्या गल्लीवरनं बांधलेला अंदाज. आणि निम्मी घरं, पाव किलो, हे दोन मी चक्क हवेतनं काढले. एकाच गणितात या तिन्ही जातींचे आकडे शेजारी शेजारी बसले की सगळे सारखेच खरे दिसायला लागतात, मोठी गंमत आहे ही. पाव किलोचा अर्धा किलो झाला की सगळं उत्तर दुप्पट होतं. म्हणजे सगळ्यात आधी तपासायचा तो पाव किलो, आणि त्याला पब्लिश झालेला डेटा लागत नाही, एखाद्या भडंगवाल्याच्या दुकानासमोर संध्याकाळी तासभर उभं राहायला लागतं. हा आकडा कुठनं आला, एवढा एकच प्रश्न. बाकी सगळं कुणीही शिकवेल तुला, महिन्याभरात शिकशील.

तू उत्तर द्यायला घाबरतोस आणि ती पोरं उत्तराला प्रश्न विचारायला घाबरतात. दोन्ही रोगच. पण तुझा बरा व्हायला सोपा आहे, माझं ऐक.

२०१९ चा पूर आठव, तू तेव्हा एमएस्सीला असशील. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि पाणी ५७ च्या वर गेलं. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर आकड्यांचा पाऊस. कोयनेतनं इतके क्युसेक सोडले, रात्री अजून पाच फूट येणार, अमक्या चौकात आलं, तमक्या चौकात आलं. आमच्या गल्लीत एक म्हातारे होते, दुकानात हिशेब लिहिण्यात जन्म गेलेला. कुणीही धापा टाकत येऊन काही सांगितलं की ते एकच विचारायचे, "तू बघून आलास का?" बहुतेक जण गप्प व्हायचे. एक पोरगा म्हणाला, हो, मी स्वतः कोपऱ्यावरच्या खांबाला खडूनं खूण करून आलोय आणि तासाभरानं परत बघितली, वीतभर चढलंय. म्हाताऱ्यांनी ताबडतोब सगळ्यांना सामान वर चढवायला लावलं. म्हणजे बघ, त्यांनी पूर्ण डेटाची वाट बघितली नाही. एका खुणेवर निर्णय घेतला, पण ती खूण कुणी केली, कशावर केली आणि किती वेळानं परत बघितली हे विचारून घेतला. कन्सल्टिंग म्हणजे याच्यापेक्षा फार वेगळं काही नाही रे. टाय असतो एवढंच.

आणि हे क्षेत्र आपलं नाही, आपण आगंतुक, असं जे तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं ते आधी पुसून काढ. या धंद्यातली सगळ्यात जुनी म्हणवणारी कंपनी १८८६ साली बोस्टनमध्ये आर्थर लिटल नावाच्या एका केमिस्टनं एका जोडीदाराबरोबर काढली. प्रयोगशाळा होती ती, लोकांना तपासण्या करून द्यायचे. इंग्रजीत म्हण आहे की डुकराच्या कानापासून रेशमी बटवा होत नाही. या गड्यानं १९२१ मध्ये डुकरांचे कान शिजवून त्याचा चिकट रस काढून धागा ओढला आणि खरंच बटवा विणून दाखवला. आणि मॅकिन्झी, ज्याचं नाव काढलं की तुमच्या पोरांचे डोळे मोठे होतात, ती १९२६ साली शिकागोच्या विद्यापीठातल्या एका अकाउंटिंगच्या मास्तरानं काढली. एक केमिस्ट, एक मास्तर. आणि तू डॉ. खोडतोस.

आता माझं. म्हटलं होतं ना ताळ्यावर राहीन, पण हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझी पीएचडी डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशवर, म्हणजे तिथल्या सांडपाण्यावर, तुला माहीतच आहे. त्यानंतर तासिका तत्त्वावर एक वर्ष शिकवलं, मग पुण्यात सहा वर्षं एका कन्सल्टिंग कंपनीत, आणि २००५ च्या जूनमध्ये सांगलीला परत. नोकरी मी सोडली, मला काढलं नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. परत आलो आणि दोन महिन्यांत पूर आला, थिसिसची घरातली एकुलती प्रत लगदा झाली, ऑफिस म्हणून घेतलेला गाळा चिखलानं भरला. कामं नव्हती. २००६ ला तासगावच्या बाजूचा एक द्राक्षबागायतदार आला, भाऊभाऊ मिळून बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज काढायचं म्हणत होते, बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट पाहिजे होता. माझा विषय नव्हता तो. पण तेव्हा नाही म्हणायची ऐपत नव्हती.

रिपोर्ट सुरेख झाला. तक्ते, आलेख, सात वर्षांचा कॅश फ्लो. त्यात स्टोरेज वर्षभर सरासरी ८५ टक्के भरलेलं राहील असं धरलं होतं. कुठनं आणला हा ८५? मशिनरी विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातनं. मी, ज्यानं सांडपाण्याच्या बीओडी तपासणीत एकेका रीडिंगसाठी तीन तीन बाटल्या लावल्या, त्यानं माहितीपत्रकातला आकडा उचलला आणि पुढच्या पानावर गेलो. बेदाणा उन्हाळ्यात तयार होतो, मेपर्यंत स्टोरेज गच्च, आणि दिवाळी झाली की रिकामं व्हायला लागतं. तासगावच्या बाजारात बॉक्स उचलणाऱ्या कुठल्याही हमालाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. ८५ हा मे महिन्याचा आकडा होता. मी तो बारा महिन्यांना लावला.

दुसऱ्या वर्षी हप्ते थकले, नदीकडचा एक तुकडा विकला त्यांनी. मी भेटायला गेलो तर त्या माणसानं मला चहा पाजला वर, आणि म्हणाला, "साहेब, ते पंच्याऐंशी आमाला जरा जास्तच वाटलंवतं, पर म्हटलं तुमी डॉक्टर, तुमास्नी ठावं असंल." 

ते वाक्य अजून जात नाही माझ्या कानातनं. त्यांना कळत होतं! नावामागची ती दोन अक्षरं बघून त्यांनी विचारायचं बंद केलं. तेव्हापासनं मी एवढंच धरून बसलोय की डॉ. लिहिलंस की समोरचा प्रश्न विचारत नाही, म्हणून त्याच्या वाटचाही प्रश्न तूच विचारायचा. हा आकडा कुठनं आला. म्हणून डॉ. खोडू नको म्हणतो मी, मोठेपणासाठी नाही. ते खोडलंस की जबाबदारीपण खोडतोस.

वेगाचं म्हणशील तर तुझी भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. आमच्याकडं सांडपाण्यातली घाण मोजायच्या दोन तपासण्या असतात, सीओडी आणि बीओडी. सीओडीला नमुना दोन तास उकळत ठेवायचा, त्याच दिवशी आकडा हातात. बीओडीला बाटली २७ अंशावर तीन दिवस ठेवायची, घाई करून चालत नाही, जंतू त्यांच्या वेळेनं खातात. पीएचडीत आपण बीओडीची माणसं होतो. तिकडं क्लायंट म्हणतो शुक्रवारी संध्याकाळी सांगा. तर शुक्रवारी सीओडी सांगायचा, आणि हा सीओडी आहे असं म्हणून सांगायचा. सीओडीचा आकडा बीओडी म्हणून खपवायचा नाही आणि बीओडी येईपर्यंत तोंड शिवून बसायचं नाही. पुण्यात पहिली दीड-दोन वर्षं मी तोंड शिवून बसलो. मीटिंगमध्ये सगळे बोलायचे, मी वहीत लिहायचो की अजून तपासायला पाहिजे. साहेबानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, डॉक्टर, तुमचा पेशंट मेल्यावर रिपोर्ट येणार का? लोक हसले. मला राग आला तो त्याचा नाही, त्याचं बरोबर होतं याचा.

म्हणून लिहायची सवय उलटी कर. थिसिसमध्ये आधी प्रस्तावना, मग आधी कोणी काय केलं, मग पद्धत, मग निकाल, आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष. इथं निष्कर्ष पहिल्या ओळीत. लगेच दुसऱ्या ओळीत तो कशावर उभा आहे. तुझं सहा वर्षांचं काम तुझ्या वडिलांना सांग बघू असं मी म्हणालो तर तू कंदकुज आणणाऱ्या पिथियमच्या प्रजातींपासनं सुरू झालास. अरे, ते मार्केट यार्डात दिवाणजी आहेत, कंदकुज म्हणजे काय हे त्यांना तुझ्या जन्माआधीपासनं माहीत आहे. त्यांना सांग की एकरी किती क्विंटल वाचते आणि त्यासाठी खर्च किती येतो. ते लगेच विचारतील कुणाच्या शेतात बघितलंस, कुठल्या साली, पाऊस किती होता. बघच. सौद्यात पोत्याच्या तोंडाशी ठेवलेल्या हळदीवर दर करायचा नसतो, मधनं मूठभर काढून हळकुंड मोडून आतला रंग बघायचा असतो, हे तुझ्या घरातच शिकवायला माणूस आहे आणि तू माझ्याकडं आलास.

तुझे गाईड म्हणाले तू विकला गेलास. त्यांच्यावर चिडू नको, त्यांना स्वतःची जागा चालवायला माणूस पाहिजे होता. पण तासिका तत्त्वावर तासाचे पैसे, सुट्टीत शून्य, आणि कायमची जागा निघाली तर मूळ पगार ५७,७०० हे सगळ्यांना तोंडपाठ, ती निघणार कधी हे कुणालाच नाही. सीनिअर फेलोशिपचे ४२,००० हातात असताना जे कळत नव्हतं ते बंद झाल्यावर कळतं. यात विकलं जाण्यासारखं काय आहे? दोन्हीकडं मेहनतानाच आहे. माणूस विकला जातो तो दुसऱ्यानं दिलेल्या आकड्यावर सही करतो तेव्हा, आणि ते कॉलेजातही करता येतं, चिक्कार जण करतात.

आता तू म्हणशील, सर, तुम्ही एवढे तत्त्वाचे, तुम्हाला काय मिळालं. कुणीतरी म्हणतंच. तर ऐक. एका डेअरीत मला पाण्याचा हिशेब करायला बोलावलं होतं. मीटरवर आत येणारं पाणी दिवसाला ३०० घनमीटर आणि सांडपाण्याच्या प्लांटला जाणारं ४२०. पावडरचा प्लांट नव्हता, म्हणजे दुधातलं पाणी निघतंय म्हणावं तर तेही नाही. मॅनेजर म्हणाला, दोन्हीकडं ३०० लिहा, तुमचं बिल उद्या काढतो. मी गटारात व्ही-नॉचची, म्हणजे प्रवाह मोजायला व्ही आकाराची खाच पाडलेली, फळी बसवली आणि दोन दिवस दोन रात्री दर तासाला पट्टीवर पाण्याची उंची बघत बसलो, वय पन्नाशीला आलेलं, कंबर धरली. ४२० बरोबर निघाले. आत मीटर नसलेली एक बोअर चालू होती. रिपोर्टात लिहिलं. बिल सात महिन्यांनी आलं आणि परत त्यांनी कधी बोलावलं नाही. पुण्यातल्या कुणाला तरी बोलावलं म्हणे, त्यांनी साठ स्लाइडा दिल्या.

माझ्या हाताखाली शिकलेली दोघं आज बाणेरला मोठ्या फ्लॅटमध्ये राहतात. मी विश्रामबागला त्याच भाड्याच्या गाळ्यात, एक मुलगी टायपिंगला आणि एक पोरगा सॅम्पल आणायला. मला हेवा वाटत नाही. खोटं कशाला, वाटतो, दिवाळीत त्यांचे फोन येतात तेव्हा वाटतो. पण पाच-सहा कारखाने आणि दोन डेअऱ्या असे आहेत की बँकेनं किंवा प्रदूषण मंडळानं काही विचारलं की आधी मला फोन करतात, कारण माझ्या कागदावरचा आकडा त्यांना परत मोजायला लागत नाही. यावर घर चाललं, पोरीचं शिक्षण झालं. हट्टीपणा होता का माझा? होता. त्या डेअरीत जरा गोडीनं सांगता आलं असतं, बोअरला मीटर बसवा मग रिपोर्ट देतो, असं. ते तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी केलं नसतं बहुतेक. त्यातलं तत्त्व किती आणि माझा कोल्हापुरी खाक्या किती, ते मला आजही नीट वेगळं काढता येत नाही. तू मात्र गोडीनं सांगायला शीक. मोजण्यात तडजोड नको, बोलण्यात असू दे.

पुण्याला लागलास तर पहिले तीन महिने तुला एक्सेलच्या फायली देतील, दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या. प्रत्येक रकान्याला आपल्या वहीत एक खूण कर, मोजलेला, ऐकलेला, धरलेला. कुणाला दाखवू नको, पहिल्या आठवड्यातच दाखवलास तर नको वाटशील सगळ्यांना. पण स्लाइडवर जाणारा आकडा धरलेला असेल तर निदान खाली बारीक अक्षरांत धरलेला म्हणून लिही. कुणी काढायला सांगितलं तर एकदा विचार का काढायचं. दुसऱ्यांदा सांगितलं तर मला फोन कर. पगार, प्रोबेशन, खोली या सगळ्याचं तुझं तू बघ, त्यात मला काही विचारू नको, मी त्यात गाढव आहे. पुढं कधी स्वतःचं काढलंस तर फीतनं १० टक्के टीडीएस कापून हातात येते, वर्षाला २० लाखांच्या वर गेलास की जीएसटी, ते सीए सांगेल.

सहा वर्षं वाया गेली का याचं उत्तर अजून दिलं नाही, नाही का. तुझी थिसिस तू टेबलावर विसरून गेलास, का मुद्दाम ठेवून गेलास कुणास ठाऊक. रात्री दोन वाजेपर्यंत वाचली. पद्धत चांगली आहे, इंग्रजी जरा जड आहे. पण चौथ्या प्रकरणातला तिसरा तक्ता बघ. सात नंबरच्या प्लॉटचं उत्पादन दुसऱ्या हंगामात आणि तिसऱ्या हंगामात दशांशापर्यंत तंतोतंत एकच आहे. पाऊस वेगळा, लागण वेगळी, आणि हळद तेवढीच? परीक्षकांच्या नजरेतनं सुटलंय, व्हायव्हात कुणी विचारलं नसेल. टायपिंगची चूक असेल, कॉपी-पेस्ट झालं असेल, होतं. शनिवारी संध्याकाळी सहाला गाळ्यावर ये, येताना शेतातली ती मूळ वही घेऊन ये, चिखल लागलेली आहे ती, लॅपटॉप नको. चहा यावेळी पूर्ण पाजतो.